टेकडी आणि टेकाड

पलसाणा तालुक्यात टेकडी नाही. मिंढोळा नदीच्या आसपास पसरलेला हा सारा मुलूख काळ्या मातीचा, उसाचा आणि भाताचा. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे चलथाण, बगुमरा, गंगाधरा ही आपली स्थानके मागे पडतात, बारडोली जाते, व्यारा जाते आणि सोनगडच्या सुमारास कोठे खरा चढउतार डोळ्यांस दिसू लागतो. तरीही आपल्या घरांतून ‘टेकडी’ आणि ‘टेकाड’ हे दोन्ही शब्द वावरत आले आहेत आणि शेजारच्या गुजराती घरांतून ‘टेकरी’ आणि ‘टेकरो’. चारही शब्द एकमेकांचे इतके सख्खे वाटतात की बोलताना आपण त्यांतला कोणताही कोठेही ठेवून देतो. टेकाड म्हणजे लहान टेकडी आणि टेकरो म्हणजे टेकडीचेच गुजराती नाव, अशी आपली ढोबळ समजूत. बोलण्यापुरती ती चालते. जुना कागद वाचताना मात्र ती फसवते, आणि पलसाण्यासारख्या सपाट मुलखात विशेष फसवते, असे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मराठीतील जोडी पाहू. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘टेक’ हे एकच अंग आहे. त्याचा संबंध ‘टेकणे’ या क्रियापदाशी जोडण्याचा मोह कोणासही होईल. तो जोडावा, पण त्यावर इमारत उभारू नये. ‘टेकडी’ स्त्रीलिंगी आहे, आणि मराठीच्या रीतीप्रमाणे हे स्त्रीलिंग लहानपण दाखविते. डोंगर मोठा, टेकडी त्याहून लहान. ‘टेकाड’ नपुंसकलिंगी आहे, आणि नपुंसकलिंगात मराठी माणूस जेव्हा एखादी वस्तू घालतो तेव्हा तिच्या आकारापेक्षा तिच्या ओबडधोबडपणाकडे, अनामिकपणाकडे त्याचे लक्ष असते. मुलगा आणि मुलगी यांस नावे असतात. ‘पोर’ कोणाचेही असते. कानाला तर टेकाड हा शब्द भगदाड, घबाड यांच्याच पंगतीतला वाटतो. यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, पण शब्दाची चाल कळते.

म्हणजे भेद केवळ उंचीचा नाही. वीस पुरुष उंचीच्या उंचवट्याला टेकडी म्हणावे आणि पाच पुरुष उंचीच्या उंचवट्याला टेकाड, असा नियम कोणी पाळल्याचे आढळत नाही. टेकडीला बहुधा नाव असते, वर जाण्याची वाट असते, आणि वर एखादे देऊळ नाही तर निदान एखादा शेंदूर फासलेला दगड असतो. ती दुरून ओळखू येते आणि तिच्यावरून दूरचे दिसते. टेकाडाला स्वतःचे नाव क्वचितच. ते पाटलाच्या मळ्यातले असते, ओढ्याकाठचे असते, गावामागचे असते. त्यावर कोणी मुद्दाम चढून जात नाही. चालता चालता पायाला चढ लागतो तेव्हा ते आहे असे कळते.

इतिहासात टेकडी कशाकरिता लागते, याचा दाखला १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मिळतो. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. दुसऱ्या बाजीरावाने ती पर्वतीवरून पाहिली. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देवदेवेश्वराचे मंदिर ज्या टेकडीवर उभारले, तिचा असाही उपयोग होण्याची वेळ आली. पुढे २६ आणि २७ नोव्हेंबरला नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची सीताबर्डीवर गाठ पडली. तेथे दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि एक लहान, आणि सारा झगडा त्यांच्या माथ्यांकरिता होता. २७ तारखेस सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली तेव्हा इंग्रजांची मोठ्या टेकडीवरील फळी डळमळली. ती परत गेली तेव्हा नागपूरचे राज्य गेल्यासारखेच झाले. त्या परिसरातील गणपतीला नागपूरकर आजही ‘टेकडीचा गणपती’ म्हणतात. या दोन्ही प्रसंगी टेकडी म्हणजे पाहण्याची आणि पाहिले जाण्याची जागा. ‘पर्वतीचे टेकाड’ किंवा ‘सीताबर्डीचे टेकाड’ असे म्हणून पाहावे. मराठी कान ते स्वीकारीत नाही.

आता टेकाड. या शब्दाला गेल्या सत्तर वर्षांत एक निश्चित शास्त्रीय अर्थ लाभला आहे, आणि तो देण्याचे श्रेय आपल्या पुरातत्त्वज्ञांकडे जाते. प्रवरेकाठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले ते लाडमोड नावाच्या टेकाडावर. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे खोदकाम चालविले तेही टेकाडावर. मराठीत या विषयावर लिहिणारे सर्वजण ‘पांढरीचे टेकाड’ हा शब्दप्रयोग करतात. ‘पांढरीची टेकडी’ असे त्यांनी लिहिलेले माझ्या वाचनात नाही, आणि ते योग्यच आहे. कारण हे टेकाड निसर्गाने केलेले नसते. माणसे एका जागी राहतात, मातीची घरे बांधतात, ती पडतात, त्याच जागी पुन्हा बांधतात. चुलीची राख, शेण, खापरे, हाडे, कोंडा सारे तेथेच साठत जाते. शेकडो वर्षांनी भोवतालच्या काळ्या रानातून एक फिकट रंगाचा उंचवटा वर आलेला दिसतो. आपल्या जुन्या भाषेत शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. हा मातीच्या रंगातला भेद गावगाड्याच्या कागदपत्रांत सर्वत्र भरलेला आहे. टेकाड म्हणजे पांढरीचा साठलेला इतिहास, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही. मातीच्या थरांपुरते ते अक्षरशः खरे आहे.

पांढऱ्या मातीच्या गढ्यांचीही तीच गत. देशमुख-पाटलांच्या गढ्या ढासळल्या की त्यांची टेकाडे होतात, आणि ती माती धाब्याच्या घरांवर घालण्यास व शेतात खत म्हणून नेण्यास फार उपयोगी असल्यामुळे गाडीगाडीने नाहीशी होते. टेकाडाचा पहिला शत्रू पाऊस नव्हे, शेतकऱ्याची गरज आहे. त्यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही. त्याच्या लेखी ती बापजाद्यांची सुपीक राख आहे.

हा अर्थ घेऊन तापीच्या काठाने खाली यावे. नंदुरबार जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. तेथील टेकाडावर १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर उजेडात आले. (खानदेशातच गिरणेकाठी बहाळच्या समोर टेकवाडे नावाचे गाव आहे, तेथेही प्राचीन दफने सापडली. गावाच्या नावातला ‘टेक’ कशामुळे आला असेल, हे वाचकांनीच ताडावे.) त्याच नदीच्या मुखाकडे, आपल्या सुरत जिल्ह्यात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६६-६७ मध्ये जोखा येथे आणि १९६७-६८ मध्ये धातवा येथे उत्खनने केली. पुढे २००३ मध्ये कामरेज येथे खोदकाम होऊन इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील व्यापारी वस्तीचा पुरावा मिळाला. कामरेज म्हणजे ताम्रपटांतील कम्मणिज्ज. पलसाण्याहून ते फार लांब नाही. म्हणजे ज्या मुलखाला आपण ‘इथे एकही टेकडी नाही’ म्हणून नावे ठेवतो, तो मुलूख टेकाडांच्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही.

आता गुजराती जोडीकडे वळू. गुजरातीत ‘टेकरी’ स्त्रीलिंगी व ‘टेकरो’ पुल्लिंगी. गुजरातीच्या रीतीप्रमाणे पुल्लिंगी ‘ओ’कारान्त रूप मोठेपणा दाखविते आणि ‘ई’कारान्त रूप लहानपणा. व्याकरणाने पाहिले तर टेकरो मोठा आणि टेकरी लहान; आपल्या समजुतीच्या बरोबर उलट. आपण टेकाड लहान मानतो आणि टेकाडाला ‘टेकरो’ म्हणतो. पण गुजराती व्यवहारात टेकरो हा शब्द डोंगराच्या जातीच्या उंचीकरिता फारसा येत नाही. त्याकरिता ‘डुंगर’ आणि ‘डुंगरी’ हे शब्द आहेत. टेकरो म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा वर असलेली जागा, बहुधा वस्तीची. अहमदाबादेतील गुलबाई टेकरा पाहण्यास जाणाऱ्या मराठी पाहुण्यास तेथे चढण्याजोगे काहीच सापडत नाही, आणि तो निराश होतो. गावोगाव टेकरा फळिये असतात तेही असेच. पाऊस झाला की कोणाच्या अंगणात पाणी शिरते आणि कोणाच्या शिरत नाही, एवढ्यावर हे नाव पडते.

याहूनही नेमका एक गुजराती शब्द आहे, ‘टींबो’. ओसाड पडलेल्या किंवा जुन्या गावठाणाचा उंचवटा म्हणजे टींबो. आपल्या पांढरीच्या टेकाडाला इतका तंतोतंत प्रतिशब्द दुसऱ्या भाषेत क्वचित मिळावा. कामरेज तालुक्यात तापीकाठी, गळतेश्वर महादेवाचे ठिकाण आहे त्या गावाचे नावच टिंबा आहे. तेव्हा कोष्टक मांडायचेच झाले तर ते आपण समजतो तसे सरळ नाही. मराठी टेकडी ही गुजरातीत टेकरी किंवा डुंगरी होते. मराठी टेकाड एका अर्थी टेकरो आहे आणि दुसऱ्या अर्थी टींबो.

डुंगर शब्दाविषयी जाता जाता. तो आपल्या डोंगराचाच भाऊ. बाराव्या शतकात पाटण येथे हेमचंद्राने संस्कृतावरून न साधता येणाऱ्या शब्दांचा ‘देशीनाममाला’ हा कोश रचला, त्यात पर्वत या अर्थी तो नोंदलेला आहे. म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंस संस्कृतच्या परवानगीवाचून हा शब्द फार पूर्वीपासून नांदतो आहे. वलसाडजवळचे डुंगरी स्थानक आणि मुंबईतील डोंगरी ही एकाच शब्दाची दोन रूपे. मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजांनी ‘डंगरी’ नावाचा पोशाख केला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. डोंगर गेला आणि विजार उरली!

या सर्वाचा पलसाण्याशी काय संबंध? संबंध कागदांचा आहे. १७१९ च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड घेतला, आणि तेथून खाली उतरून सुरत अठ्ठाविशीत मराठ्यांचा अंमल पसरला. ‘गड’ हा शब्द येथे मराठी अर्थाने अचूक बसतो, कारण तो डोंगरावरचा किल्ला आहे. गडावरून उतरलेला कारभार मात्र मैदानात आला. पुढे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात पलसाणा हा स्वतंत्र तालुका झाला, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो तसाच राहिला. या काळात देशावरून आणि कोकणातून जी घराणी येथे कारकुनी, फडणिशी, शिलेदारी अशा निमित्ताने आली त्यांच्या डोळ्यांसमोर टेकड्या होत्या आणि पायाखाली सपाट जमीन. त्यांनी लिहिताना स्वतःचे मराठी वापरले. ज्यांच्याकडून माहिती घेतली ते गुजरातीत सांगत होते. सांगणारा ‘टेकरो’ म्हणाला की लिहिणाऱ्याच्या लेखणीतून काय उतरावे? चांगला कारकून ‘टेकाड’ लिहील. घाईतला कारकून ‘टेकडी’ लिहील. आणि गुजरातीत मुरलेला कारकून ‘टेकरा’ असेच ठेवून देईल, हे सर्वांत बरे.

महसुलाच्या दृष्टीने हा भेद पोकळ नव्हता. १८८३ नंतर एलियट यांच्या देखरेखीखाली बडोदे संस्थानात नव्या पद्धतीची मोजणी व आकारणी सुरू झाली. मोजणीच्या भाषेत शेताच्या पोटात जो न पिकणारा तुकडा असतो तो ‘पोटखराब’. त्यावर आकार बसत नाही. शेतातले टेकाड पोटखराबात जाते. टेकडी पोटखराबात जाऊ शकत नाही, कारण ती कोणा एकाच्या शेताच्या पोटात मावतच नाही. तिचे गायरान होते, रान होते किंवा देवस्थान होते. म्हणजे एका शब्दाने जमीन खातेदाराची राहते आणि दुसऱ्याने ती सरकारची किंवा गावाची वाटू लागते. आज कोणी जुन्या मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करून पुढे त्याचे गुजराती भाषांतर करून घेतो, तेव्हा ‘टेकाड’ चे ‘टेकरी’ होणे फार सोपे आहे. मग वाचणारा विचारतो, ‘पलसाण्यात टेकरी कोठली?’ टेकरी न सापडल्यामुळे कागदच बनावट ठरविण्यापर्यंत मजल जाऊ शकते. एक काना इकडे आणि एक वेलांटी तिकडे, एवढ्याने घराण्याच्या जमिनीची चतुःसीमा हलते.

सयाजीराव महाराजांना या अडचणीची जाण होती, असे म्हणावयास आधार आहे. त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध करविलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा राज्यव्यवहारकोश याच जातीच्या गोंधळावर उपाय म्हणून होता. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा ओळीने कारभाराचे शब्द त्यात लावले आहेत. ज्या राज्यात राजा मराठी, प्रजा गुजराती आणि वरिष्ठ पत्रव्यवहार इंग्रजी, त्याच राज्याला असा कोश सुचावा हे स्वाभाविक होय. पण कोश अधिकार, खाती, कायदे यांचा. शेतातला उंचवटा कोशात जाण्याइतका प्रतिष्ठित कधीच नसतो.

सपाट मुलखात सीमा कशी सांगावी, हा प्रश्न मराठी अंमलाच्या पुष्कळ आधीचा आहे. आपल्याच तालुक्यातील बगुमरा येथे राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे शके ८३६ चे, म्हणजे इसवी सन ९१५ चे, ताम्रपट सापडले. मान्यखेटाच्या या राजाने आपल्या पट्टबंधोत्सवाच्या वेळी लाट देशातील गावे दान दिली, आणि त्या दानपत्राची रचना ‘नलचंपू’ लिहिणाऱ्या त्रिविक्रमभट्टाने केली. दान दिलेल्या गावांपैकी तेन्न हे कम्मणिज्जजवळचे गाव म्हणजे बारडोलीलगतचे तेन होय, असे अभ्यासक मानतात. त्याच्या चार दिशांच्या सीमा सांगताना शेजारच्या गावांची नावे दिली आहेत. डोंगर नाही, टेकडी नाही, सांगण्यासारखी नव्हतीच. दक्षिणेतील दानपत्रांत सीमेकरिता टेकाडे, वारुळे, खडक यांची रेलचेल असते. येथे दक्षिणेतला राजा, दक्षिणेतला कवी, आणि जमीन मात्र लाटेची. कवीला आपली प्रतिभा सीमेच्या वर्णनात खर्च करण्यास वाव मिळाला नाही. ती त्याने वंशावळीच्या श्लोकांवर मनसोक्त खर्च केली आहे.

टेकाडाला सीमेत स्थान नसले तरी पाण्याच्या वेळी ते सर्वांत आधी आठवते. तापीचे १९६८ आणि २००६ चे महापूर सुरतकरांना विसरता येणार नाहीत; आपल्या बाजूलाही खाड्या भरल्या की शेते आणि रस्ते एक होतात. अशा वेळी पाचसात हातांची उंची म्हणजे धान्य कोरडे राहणे आणि गुरे जगणे. जुन्या वस्त्या उंचवट्यावर का आहेत याचे उत्तर येथे आहे, आणि काळी जमीन पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे पाडते, हेही त्याचे दुसरे कारण. लोकांनी उंचवटा पाहून वस्ती केली की वस्ती करून उंचवटा केला, हा प्रश्न प्रत्येक गावापुरता निराळा सोडवावा लागतो. बहुतेक ठिकाणी दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात.

अलीकडे राष्ट्रीय महामार्गाच्या दोन्ही अंगांना, कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत, कारखाने आणि गोदामे उभी राहिली. सखल जमिनीवर बांधायचे तर भराव लागतो, आणि भरावाला माती लागते. टेकाडाची माती आयती, खडक नसलेली, खोदण्यास सोपी. महाराष्ट्रात टेकडीला नियमांचे काही संरक्षण आहे. एकास पाच याहून तीव्र उतारावर बांधकामास मनाई, हा नियम पुणेकर वर्तमानपत्रांतून नेहमी वाचतात. टेकाडाला उतारच नाही, तेव्हा उताराचा नियम त्याच्या कामाचा नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याचे छत्र मिळते ते स्थळ संरक्षित म्हणून घोषित झाल्यावर; आणि घोषित होण्यापूर्वी कोणीतरी ते टेकाड आहे, नुसता मातीचा ढीग नाही, असे ओळखावे लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे. काळ्या रानात माती एकदम फिकी व भुसभुशीत होते आणि पायाखाली खापऱ्या वाजतात.

आपल्या वार्तापत्राच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी वाटणीपत्रे, गहाणखते, इनामाच्या नकला असतील. त्यांचे लिप्यंतर करताना उंचवट्याला मूळ कागदात जो शब्द आहे तो जसाच्या तसा ठेवावा, ‘टेकरा’ असेल तर ‘टेकरा’, ‘टेकाड’ असेल तर ‘टेकाड’, ‘टिंबा’ असेल तर ‘टिंबा’, आणि अर्थ समासात निराळा लिहावा. शक्य असल्यास ती जागा आज कोणत्या सर्व्हे क्रमांकात येते आणि तेथे उंचवटा शिल्लक आहे की त्यावर गोदाम उभे आहे, हेही त्याच समासात लिहून ठेवावे.